मर्ढेकरांचं पीप, एलियटचा पूल आणि बोदलेअरचा हंस: शहराच्या कवितेत नेमका ऱ्हास कशाचा?

मुठेकाठ (धागाकर्ता)

आमच्या शेजारचा वाडा महिनाभर उतरवत होते. आधी कौलं गेली, मग वासे, मग कडीपाट, शेवटी तुळया. सागवानी खांब ट्रकमध्ये भरून निघून गेले. सगळ्यात शेवटी उरलं न्हाणीघर. तीन बाजूंच्या भिंती, काळी फरशी, मोरीचं भोक आणि भिंतीवर बंबाच्या धुराचा पट्टा. दोन दिवस ते तसंच उघड्यावर उभं होतं. पिढ्यान्‌पिढ्या जिथे कुणी परकं डोकावलं नव्हतं ती जागा रस्त्यावरून सगळ्यांना दिसत होती. मला ते बघवत नव्हतं, आणि का बघवत नाही हेही कळत नव्हतं.

त्या रात्री बा. सी. मर्ढेकरांच्या कविता काढल्या. 'काही कविता', १९४७. 'पिपांत मेले ओल्या उंदिर' आपण सगळ्यांनीच वाचलेली असते, निदान पहिली ओळ तरी ऐकलेली असते. एम.ए.ला आम्हाला तिच्यासाठी एक सूत्र दिलं होतं: महायुद्धं झाली, यंत्रं आली, शहरं फुगली, मूल्यं ढासळली, म्हणून कविता अशी झाली. पेपरात त्याला मार्क मिळतात. कविता समोर घेऊन बसलं की मात्र ते पुरत नाही.

या वेळी मी शेवटच्या शब्दाशी अडलो. कविता संपते ती 'पिपांत उंदिर न्हाले! न्हाले!' अशी. मेले म्हणून सुरू झालेले उंदीर शेवटी न्हाले. आणि याच कवीची मुंबईवरची दुसरी प्रसिद्ध कविता सुरू कशी होते? 'न्हालेल्या जणु गर्भवतीच्या'. माघातली सकाळ, उजळत जाणारं मुंबईचं बंदर आणि नुकत्याच न्हालेल्या गरोदर बाईची सोज्वळ मोहकता. कवी तोच, शहर तेच, क्रियापदही तेच. एका ठिकाणी त्या न्हाण्यातून जन्म होणार आहे, दुसऱ्या ठिकाणी प्रेतं न्हाली आहेत. शहर म्हणजे नुसता ऱ्हास असं मर्ढेकरांना म्हणायचं असतं, तर ती बंदराची सकाळ त्यांनी लिहिलीच नसती.

आता इंग्रजी कवी टी. एस. एलियट. त्याची 'द वेस्ट लँड', १९२२, ४३४ ओळी. हिवाळी पहाटेच्या तपकिरी धुक्यात लंडन ब्रिजवरून माणसांचा लोंढा चालला आहे, प्रत्येकाची नजर स्वतःच्या पायांपुढे, आणि मृत्यूने इतक्यांना खाल्लं असेल असं वाटलं नव्हतं, हे इटालियन कवी दान्तेकडून घेतलेलं वाक्य. पुढे टेम्स नदी घामासारखं तेल आणि डांबर गाळते. उंदीर तिथेही आहेत, नदीकाठच्या झुडपात, मेलेल्यांच्या हाडांजवळ. पण कवितेच्या पाचव्या भागात नुसता खडक आहे, पाणी नाही. गंगा आटली आहे, पानं पावसाची वाट बघतायत, आणि मग ढग बोलतो: द, द, द. बृहदारण्यक उपनिषदातलं 'दाम्यत, दत्त, दयध्वम्'. उपनिषदात आधी देवांना 'दाम्यत', मग माणसांना 'दत्त', मग असुरांना 'दयध्वम्'. एलियटने क्रम बदलला आणि 'दत्त' पहिलं आणलं, म्हणजे माणसांचं पहिलं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

माझ्या मनात आलं ते असं. एलियटच्या शहराला तहान लागली आहे. मर्ढेकरांच्या पिपात पाणी आहे, ओल आहे, पण त्या पाण्याने तहान भागत नाही, त्यात जीव बुडतो. म्हणजे दोघांचा ऱ्हास एकच नाही. एलियटकडे काहीतरी होतं आणि ते आटलं. मर्ढेकरांकडे सगळं आहे, फक्त कशाला काय म्हणायचं ते हातून सुटलं आहे. मधाचं पोळं ओठांवर जमतं, पण तेही 'बेकलायटी'. त्या काळी रेडिओचे डबे, फोन, विजेची बटणं बेकेलाइट या प्लास्टिकची असत, आणि मर्ढेकर स्वतः आकाशवाणीत होते. घरात नुकत्याच शिरलेल्या एका वस्तूचं विशेषण त्यांनी थेट ओठांवरच्या मधाला लावलं.

तुम्हाला काय वाटतं? आपल्या नवकवितेतला ऱ्हास खरंच 'संस्कृतीचा' आहे का?

पासधारक

धागा आवडला. माझं भांडवल वाचनाचं कमी आणि गाडीचं जास्त. डेक्कन क्वीनचा पास काढून मी वर्षानुवर्षं पुणे-मुंबई केलं. सकाळी सव्वासातला गाडी, घरी परत यायला रात्र. माझ्यासाठी मर्ढेकर म्हणजे उंदीर नव्हेत. माझ्यासाठी ही ओळ:

'सकाळी उठोनी । चहा-कॉफी घ्यावी,
तशीच गाठावी । वीज-गाडी'

मुंबईत पहिली वीजगाडी १९२५ च्या फेब्रुवारीत बोरीबंदर ते कुर्ला धावली, आणि डेक्कन क्वीन १९३० च्या जूनपासून. म्हणजे मर्ढेकर लिहीत होते तेव्हा ही दिनचर्या अंगवळणी पडलेली एक पिढी तयार झाली होती.

गंमत नाही, मनापासून सांगतो. डब्यात आमचं भजनी मंडळ होतं. कर्जत गेलं की टाळ निघायचे. एकदा मी ही ओळ तुकोबांच्या चालीवर म्हणून दाखवली. कुणीही अडखळलं नाही. बोटांवर मोजा: सकाळी उठोनी सहा, चहा-कॉफी घ्यावी सहा, तशीच गाठावी सहा, वीज-गाडी चार. सहा-सहा-सहा-चार, चोख अभंग. एक जण डोळे मिटून टाळ धरत होता, 'वीज-गाडी'वर त्याने डोळे उघडले आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

म्हणून मला ऱ्हास हा शब्द खटकतो. अभंग मेला असता तर तो माणूस थांबलाच नसता.

छंदशोध

पासधारक काका, नेमकं बोललात. 'पिपांत मेले'चंही तेच. आठ-आठ मात्रांची ओळ. 'पिपांत मेले' आठ, 'ओल्या उंदिर' आठ. 'माना पडल्या' आठ, 'मुरगळल्याविण' आठ. हा चालता, घरगुती छंद आहे, पाळण्याच्या गाण्यालाही चालेल असा. जीभ सवयीने ठेका धरते आणि डोळ्यांसमोर मेलेले उंदीर येतात. अंगावर काटा येतो तो या दोन्हींच्या मधल्या फटीतून. एलियटने छंद जागोजागी मोडला, भाषा मोडल्या, पाच-सहा भाषांचे तुकडे शेजारी ठेवले. मर्ढेकरांनी घाटाला धक्का लावला नाही, आत काय भरायचं ते बदललं.

मुठेकाठ, एक गोष्ट मात्र दुरुस्त करायला हवी. तुमच्या मांडणीत एलियट लांबून बघणारा वाटतो. तो लांब नव्हता. १९१७ ते १९२५ तो लॉइड्स बँकेत कारकुनी करत होता. कवितेतला लोंढा किंग विल्यम स्ट्रीटकडे जातो, सेंट मेरी वुलनॉथ चर्चच्या घड्याळात नऊचा शेवटचा ठोका मेल्यासारखा पडतो. ती कचेऱ्या उघडायची वेळ, त्याचीही. काकांच्या त्या वीज-गाडीच्या अभंगात पुढे 'हुजूर' म्हणणारा मर्ढेकरांचा चाकरमानी आणि तो एकाच रांगेत उभे आहेत.

आणि त्या रांगेच्या पुढे आणखी एक जण आहे, फ्रेंच कवी बोदलेअर. एलियटने 'अवास्तव शहर' म्हटलं तिथे टिपेत बोदलेअरची ओळ दिली आहे. ती शहराला जे विशेषण लावते ते फ्रेंच भाषेत मुंगीवरून आलेलं आहे: मुंग्यांसारखं वळवळणारं शहर. आता आठवा, 'मी एक मुंगी, हा एक मुंगी'. मर्ढेकरांनी ते थेट तिथून घेतलं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण फरक बघा. बोदलेअरला शहर मुंग्यांचं दिसतं. मर्ढेकर मोजणीची सुरुवात 'मी'पासून करतात.

तुमच्या न्हाणीघरासाठी त्याची आणखी एक कविता सांगतो, 'हंस'. १८५३ पासून बॅरन ओस्मानच्या देखरेखीखाली जुनं पॅरिस पाडून रुंद रस्ते काढणं चालू होतं. बोदलेअर अशाच एका मोकळ्या केलेल्या चौकातून जातो. तिथे पूर्वी दाटीची वस्ती होती, प्राण्यांचा खेळ लागायचा. त्याला आठवतो पिंजऱ्यातून सुटलेला एक हंस. तो कोरड्या दगडांवर पाय घासत चालतो, पाणी नसलेल्या गटारापाशी चोच उघडतो आणि पंख धुळीत न्हाऊ घालतो. होय, मूळ फ्रेंचमध्येही क्रियापद न्हाण्याचंच आहे. मग तो आभाळाकडे मान वळवून विचारतो: पाण्या, कधी बरसशील? विजे, कधी कडाडशील? त्या हंसाने मागितलेली वीज साठ वर्षांनी एलियटच्या शेवटच्या भागात कडाडते, असं मी वाचतो. त्याच कवितेत तो म्हणतो की शहराचं रूप माणसाच्या मनापेक्षा लवकर बदलतं. जुना वाडा जाताना तुम्हाला जे झालं ते हेच असावं.

आणि एक. बोदलेअरच्या संग्रहावर १८५७ मध्ये खटला झाला, सहा कविता काढायला लावल्या, त्यांच्यावरची बंदी उठायला १९४९ साल उजाडलं. 'काही कविता'वरही अश्लीलतेचा खटला झाला, मर्ढेकर निर्दोष सुटले. शहराचं अंग उघडं करून दाखवलं की दोन्हीकडे कोर्ट आलं.

जात्यावर

मी कवितेची अभ्यासक नाही, पण 'न्हाणं' या शब्दावर बोलायचा हक्क मला आहे असं समजते.

अंघोळ आणि न्हाणं एक नाही. अंघोळ रोजची. न्हाणं म्हणजे डोक्यावरून. शिकेकाई उकळायची, बंब पेटवायचा, केस वाळवायला दुपार मोकळी ठेवायची. मुलीला न्हाण येतं तेव्हा शब्द हाच. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालतात तेव्हा हाच. आणि माणूस गेलं की शेवटचं पाणी घालतात तेव्हाही आमच्याकडच्या म्हाताऱ्या 'न्हाऊ घातलं' असंच म्हणायच्या. यातलं एकही न्हाणं आपलं आपण करायचं नसतं, कुणीतरी पाणी घालणारं लागतं.

म्हणून 'न्हाले! न्हाले!' वाचताना मला विचारावंसं वाटतं, पाणी कुणी घातलं? पिपात कुणी नव्हतं. त्यांचे तेच मेले आणि त्यांचे तेच न्हाले. याच्याइतकं एकटेपण मला दुसऱ्या ओळीत दिसत नाही. बंदराच्या कवितेतली गर्भवती मात्र एकटी नसणार. सातव्या-आठव्या महिन्यात कुणी बाईला एकटीला न्हाऊ देत नाही.

छंदशोध, तुमच्या हंसाबद्दल. आमच्या गावाकडे चिमण्या धुळीत न्हायला लागल्या की म्हणतात, आता पाऊस लांब नाही. तो हंस आमच्या आजीने बघितला असता तर तिने वाळवण आत घेतलं असतं.

एकसष्टचा पूर

वरचं सगळं वाचून राहवलं नाही. माझी आत्या १२ जुलै १९६१ ला नारायण पेठेत होती. पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं. ती चौदा वर्षांची. सगळे वरच्या पेठेत नातेवाइकांकडे पळाले. काही दिवसांनी घरी परतले तेव्हा माजघरात गुडघाभर गाळ होता. कोपऱ्यात ज्वारीचं पत्र्याचं पीप आडवं पडलेलं होतं. आजोबांनी ते उभं केलं, झाकण उचकटलं आणि लगेच परत लावलं. आत्याने तेवढ्यात बघितलं होतं.

कॉलेजात ही कविता लागली तेव्हा वर्गातले बाकीचे प्रतीक काय, अर्थ काय यावर बोलत होते. आत्या म्हणते, मला प्रतीक वगैरे काही दिसत नव्हतं, मला वास येत होता. कविता पुराच्या चौदा वर्षं आधीची आहे हे तिला ठाऊक आहे. तरी ती म्हणते, 'त्यांनी आमचं पीप बघितलं होतं.'

पर्वतीपायथा

सगळ्यांचं वाचलं. चांगलं लिहिलंय. पण मला एक वेगळी बाजू मांडायची आहे आणि ती थोडी टोचेल.

वाडा पडला म्हणून तुमच्या मनात जे तुटलं ते खरं असेल. पण ज्याला त्या वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत घेतलं नाही त्याचं काय तुटलं? माझे वडील बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यात आले. गावात विहिरीवर आमच्या लोकांनी लांब उभं राहायचं, कुणी वरून ओतेल तेव्हा भरायचं. पुण्यात वस्तीतल्या नळाला रांग होती, भांडणं होती, पण नंबर आला की हंडा थेट नळाखाली. वडील म्हणायचे, या शहराने मला तोटीला हात लावू दिला. तुम्ही ज्याला गर्दी म्हणता, जिथे कुणी कुणाला ओळखत नाही म्हणून कवी दुःखी होतो, तिथे आम्ही पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. कुणी ओळखत नाही म्हणजे कुणी जातही विचारत नाही, निदान रस्त्यात तरी.

बाबासाहेबांनी १९४८ मध्ये घटना समितीत खेड्याबद्दल काय म्हटलं ते सगळ्यांना माहीत आहे: संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची गुहा. 'काही कविता' आलेली त्याच्या आदल्याच वर्षी. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. एकाला डबकं शहरात दिसतंय, दुसऱ्याला गावात.

आणि याच पुण्यात १८६८ मध्ये जोतिरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तुमच्या धाग्यात टेम्स आली, गंगा आली, हा हौद आला नाही. वाड्यांचंच बोलायचं तर भिडेवाडा घ्या. १८४८ ची मुलींची शाळा तिथली. तोही डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, स्मारक बांधायला. तिथे मलाही वाईट वाटलं. म्हणजे वाडा पडण्याचं दुःख मला कळतं, फक्त माझा वाडा वेगळा.

कवितेत याचं उत्तर शोधायचं तर नारायण सुर्वे वाचा. गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढवलेलं पोर, आणि त्याने रस्त्यालाच 'माझे विद्यापीठ' म्हटलं, १९६६ साली. नामदेव ढसाळ तर आपल्याच जिल्ह्यातले, खेड तालुक्यातल्या पूर गावचे. लहानपणी मुंबईला गेले आणि 'गोलपिठा' हा संग्रह लिहिला. त्यात गटार आहे, रोग आहे, भूक आहे, मर्ढेकरांच्या दसपट आहे. पण कुठेही 'पूर्वी चांगलं होतं' नाही. ढासळायला आधी उंचावर असावं लागतं.

मुठेकाठ

पर्वतीपायथा, मी तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. हौद माझ्या लिहिण्यात यायला हवा होता, आला नाही, आणि का आला नाही हे मला कळतंय. मी एम.ए.चं सूत्र मोडायला निघालो आणि त्याचा मुख्य शब्द तसाच हातात धरून राहिलो. 'संस्कृती' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर शेजारचं न्हाणीघर होतं, आणि त्या न्हाणीघरात पाणी भरणारी माणसं मागच्या दाराने येत असत.

मर्ढेकरांबद्दल मात्र एवढं म्हणेन. 'गरिब बिचारे बिळांत जगले' ही ओळ 'पूर्वी चांगलं होतं' म्हणत नाही. उंदीर आधीही बिळातच होते. 'जगायची पण सक्ती आहे. मरायची पण सक्ती आहे'. बीळ ते पीप एवढाच प्रवास. तुम्ही सुर्वे-ढसाळांत जे दाखवता त्याची सुरुवात मला या ओळीत दिसते. फरक असा की ढसाळ पीप फोडतात, मर्ढेकर आतून वर्णन करतात.

हिंजवडी शटल

एक प्रश्न. एवढी चर्चा झाली, सगळी लंडन, पॅरिस, मुंबईची. पुण्याची कविता कुठे आहे? मी रोज दीड तास बसमध्ये असते. खिडकीतून दिसणारं कवितेत मला सापडत नाही. मेट्रोच्या पुलावरून मुठा दिसते, जलपर्णी दिसते, खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल दिसेनासा होतो. हे कुणी लिहिलंय का?

छंदशोध

चांगला प्रश्न, आणि माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. दिलीप चित्रे अनेक वर्षं पुण्यात राहिले, २००९ मध्ये इथेच गेले, पण त्यांच्या कवितेतलं शहर मला मुख्यतः मुंबईच वाटतं. अरुण कोलटकरही २००४ मध्ये पुण्यातच गेले. त्यांची 'जेजुरी' ही कवितामाला पुण्यापासून दीड-दोन तासांवरच्या देवस्थानाची. ती एसटी बसमध्ये सुरू होऊन, देवळांतून फिरून शेवटी रेल्वे स्टेशनात येते, हे मला आपल्या चर्चेशी जोडावंसं वाटतं: देवाचं गाव आणि गाडीची वाट बघणं एकाच आवाजात. पण ते पुणे नाही. बसमध्ये दीड तास असतो ना? मग तुम्हीच लिहा. पेठांवर लिहून झालेलं पुष्कळ आहे, हिंजवडीच्या पुलाखालचं अजून कोरं आहे.

जात्यावर

पर्वतीपायथा, तुम्ही नळाचं लिहिलंत. मी न्हाण्याचं लिहिताना बंब, शिकेकाई, मोकळी दुपार असं लिहून गेले. ते सगळं ज्यांच्याकडे न्हाणीघर आहे त्यांचं. वस्तीत बायका कशा न्हायच्या, हे तुम्हाला सांगावंसं वाटलं तर सांगा. मला ऐकायचं आहे.

पर्वतीपायथा

सांगतो, ताई.

चार खांब आणि जुन्या साडीचा आडोसा. वर उघडं. आई पहाटे चारला उठायची, कारण पाच वाजता नळावर माणसं यायची. थंडीत पाणी तापवायला सरपण नसायचं, गारच घ्यायची. दोन तांबे, तिसरा नाही. मी लहान होतो, आडोशाबाहेर राखणीला बसायचो, कुणी आलं की खोकायचं ही माझी ड्युटी. तुम्ही म्हणता न्हाताना पाणी घालणारं कुणी लागतं. आमच्यात राखण बसणारं लागायचं. ती सावकाश न्हालेली मी कधी पाहिली नाही.

पुनर्वसनाच्या इमारतीत घर मिळालं तेव्हा ती साठीची होती. २६९ चौरस फूट, सातवा मजला. सामान वर चढवून आम्ही दमून बसलो होतो. तिने न्हाणीघराची कडी आतून लावली, उघडली, परत लावली. मग नळ सोडल्याचा आवाज आला. वडिलांनी मला खुणेनेच सांगितलं, हाक मारू नको.

'न्हाले! न्हाले!' मी त्या दिवसापासून तसं वाचतो. कवीला ते अभिप्रेत नसेल, ठाऊक आहे. ती तासभर बाहेर आली नाही.